होडीत साठणाऱ्या पावसाच्या पाण्याचं काय करावं? (सल्ला हवा)

खाडीवरचा_ठाणेकर
मंडळी, घर मालवणजवळ देवबागला, मी नोकरीला ठाण्यात. बाबांची फायबरची उघडी होडी आहे, वीस फुटी, आऊटबोर्डवाली (मागे बाहेरून इंजिन लावायची). मासेमारीबंदीच्या काळात (1 जून ते 31 जुलै) इंजिन घरी येतं आणि होडी कर्लीच्या खाडीत नांगरून असते. वर ओढून शाकारायची (पावसासाठी झाकून ठेवायची) म्हटलं तर समुद्राच्या अंगाला बंधाऱ्याचे दगड आणि खाडीच्या अंगाला जागा मिळेल तर शपथ. पाऊस लागला की बाबा रात्री-अपरात्री कापलेला कॅन घेऊन पाणी उपसायला जातात. वय 68. आई मला फोन करते, मी बाबांना करतो, बाबांचा फोन घरातच वाजतो.

ऑटोमॅटिक पंप बसवू का? की ताडपत्री पुरेल? बजेट दहा-बारा हजार. कृपया 'माणूस ठेवा' सांगू नका, माणूस मिळत नाही.

रापणकर
आदी एक सांगा, होडी पावसान भरता की गळता? पाऊस नाय त्या दिवशी सकाळी आत पाणी दिसता काय ता बगा. दिसला तर पंपाआदी बूच बगा, बुचाचो रबर बगा. गळक्या होडयेक पंप लावल्यार बॅटरी मरता आणि होडी पण.

खाडीवरचा_ठाणेकर
बाबांना विचारलं. कोरड्या दिवशी ठणठणीत कोरडी असते. सगळं वरूनच येतं.

सुकाणू
मग हिशेब सोपा आहे. 1 मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर. तुमच्या होडीची उघडी जागा सातेक चौरस मीटर धरा. 100 मिमी पडला तर आत 700 लिटर, म्हणजे 700 किलो. हवामान खात्याच्या भाषेत 24 तासांत 204.4 मिमीच्या वर गेला की 'अत्यंत मुसळधार'. तसल्या दिवशी जवळजवळ दीड टन पाणी!

पण नुसत्या वजनाने होडी जात नाही. हे पाणी मोकळं असतं. वाऱ्याने होडी जरा कलली की सगळं त्या बाजूला धावतं, ती अजून कलते, काठ पाण्याला टेकतो आणि खाडी आत येते. त्यानंतर कुठलाच पंप पुरा पडत नाही. म्हणून घोटाभर पाणी आहे, सकाळी बघू, असं करायचं नाही.

पंपाचं म्हणाल तर 12 व्होल्टचा, ताशी 1100 गॅलनवाला घ्या. खोक्यावर ताशी 4000 लिटरच्या वर लिहिलेलं असतं, पाइप नि उंची धरून त्याच्या निम्मं मिळालं तरी 700 लिटर वीस-पंचवीस मिनिटांत बाहेर. तेवढ्याला दीड-दोन अँपिअर-अवर लागतात, म्हणजे बॅटरीला काहीच नाही. बॅटरी संपते ती फ्लोट (पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा तरंगता स्विच) अडकून पंप रात्रभर कोरडा फिरला की.

जाळंविणारा
फ्लोट अडकतोच, लिहून ठेवा. होडीच्या तळाशी काय काय असतं ते बघा एकदा: खवले, नायलॉनच्या जाळ्याचे तुकडे, सुक्या कोळंबीच्या मिशा, वाळू. नायलॉनचा एक धागा पंख्यात गुंडाळला की पंप नुसता घूं घूं करतो. आमच्याकडे पंप भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या बरणीत बसवलाय आणि बरणीला बाहेरून मच्छरदाणीचा तुकडा गुंडाळलाय. दर रविवारी तो तुकडा झटकायचा. बाहेर टाकणारा पाइप काठापर्यंत वर नेऊन मगच बाहेर काढा. तोंड पाण्याखाली राहिलं तर पंप बंद झाल्यावर खाडीचं पाणी त्याच पाइपातून उलटं आत येतं. आणि वायरला फ्यूज हवाच.

सुरमई_प्रेमी
होडी वाचली की सुरमई कधी पाठवता ते सांगा, पत्ता व्यनि करते. 😀

वेंगुर्लेकरीण
पंपावर उड्या मारण्याआधी पाणी आत येऊच नये ते बघा की. ताडपत्री बहुतेक लोक चुकीची बांधतात. सपाट ताणली की मधे पोट सुटतं, त्यात पाणी साठतं, आणि आत पडायचं पाणी आता वर साठलेलं, म्हणजे आणखी वाईट. नाळेपासून (होडीच्या पुढच्या टोकापासून) मागच्या फळीपर्यंत एक लांब बांबू आडवा घ्या, काठापासून दोन-अडीच फूट उंच. त्यावरून दोन्ही बाजूंना घराच्या छपरासारखा उतार. ताडपत्रीची कड काठाच्या बाहेर खाली वीतभर उतरली पाहिजे, आणि दोऱ्या होडीच्या बुडाखालून पलीकडे न्यायच्या, काठावरच्या कड्यांना नाही. दोन्ही टोकं थोडी उघडी ठेवा, नाहीतर वारा आत शिरून ताडपत्रीचं शीड होतं.

माझ्या सासऱ्यांची होडी लाकडी. ते अजून झापांनीच (नारळाच्या विणलेल्या झावळ्यांनी) शाकारतात आणि आत तळाला खडेमीठ टाकतात. पावसाचं गोडं पाणी लाकूड कुजवतं, खारं टिकवतं. तुमची फायबर, तुम्हाला मिठाची गरज नाही.

सुकाणू
@वेंगुर्लेकरीण, फायबरवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. इंजिन जिथे लागतं त्या मागच्या फळीत बऱ्याचदा आत प्लायवूड असतं. इंजिन काढल्यावर बोल्टांची भोकं उघडी राहिली की पावसाचं पाणी आत मुरतं. बोटाच्या पेराने वाजवून बघा, टणटणीत आवाज ठीक, बद्द आवाज आला तर आतून गेलंय. भोकं सिलिकॉनने बुजवा.

दोरखंड
होडी नांगरून आहे म्हणालात. किती दोरी सोडली आहे? खोलीच्या पाचपट तरी हवी, आणि ती खोली उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या) भरतीची धरायची. मालवण पट्ट्यात उधाणाला दोनेक मीटरचा फरक पडतो, वर डोंगरातलं पाणी उतरलेलं असतं ते वेगळं. दोरी आखूड असेल तर भरतीला नांगरच नाळ खाली ओढून धरतो, आणि पाऊस असो नसो, पाणी आत. जेटीला बांधली असेल तर अजून वाईट: ओहोटीला होडी जेटीच्या कडेखाली सरकते आणि भरतीला तिथेच अडकून भरते. 'पावसाने बुडाली' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या निम्म्या होड्या दोरीने बुडालेल्या असतात, असं माझं मत. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे मुसळधारचा इशारा असेल तर आदल्या दिवशी उजेडातच दोऱ्या बघून घ्या. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आगेमागे, भरती लहान असते तेव्हा) एवढी धास्ती नसते.

रापणकर
ह्या दोरखंडान बरोबर सांगल्यान.

फायबरवाला
आता बुडालीच तर काय, यावर कुणी बोललं नाही. लाकडी होडी भरली तरी काठापर्यंत तरंगत राहते. फायबर पाण्यापेक्षा दीडपट जड, ती दगडासारखी तळाला जाते. तुमची होडी 400 किलोची धरली तर भरल्यावर पाण्यातलं तिचं वजन दीडशे किलोच्या आसपास उरतं. 20 लिटरचा घट्ट झाकणाचा रिकामा कॅन साधारण 19 किलो उचलतो, म्हणजे आठ-दहा कॅन झाले की होडी तळाला जात नाही. बंदी उठून इंजिन चढलं की मागे अजून दोन.

बांधायचे कुठे हे महत्त्वाचं. तळाला बांधलेत तर भरलेली होडी उलटी होईल. दोन्ही बाजूंना, बसायच्या फळ्यांखाली, काठाला जितके जवळ बसतील तितके वर. जुन्या जाळ्याने आवळा, नुसत्या सुतळीने नाही, कारण पाण्याखाली गेल्यावर कॅन जबरदस्त जोराने वर ओढतो. आणि पेट्रोलचे जुने कॅन नकोत, वास जन्मात जात नाही.

वेंगुर्लेकरीण
कॅन पटले. ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमेनंतर बाहेर पडतात तेव्हाही सोडू नका म्हणावं, पाऊस तेव्हाही असतोच. आणि घरच्या सगळ्या फोनमध्ये तटरक्षक दलाचा 1554 घालून ठेवा.

खाडीवरचा_ठाणेकर
सगळ्यांचे आभार. बाबांना धागा वाचून दाखवला. पंपाला 'खर्चाक वाट' म्हणाले, कॅन मात्र लगेच आवडले, शेजाऱ्याकडून सहा आणलेसुद्धा. दोरीचं ऐकून जरा गप्प झाले. क्रम असा ठरलाय: आधी दोरी आणि कॅन, या शनिवारी मी जाऊन बांबू नि ताडपत्री, मग उरलेल्या पैशात पंप. एकच शंका, ताडपत्री असताना पंपाची गरज आहे का?

सुकाणू
आहे. तिरका पाऊस टोकांतून आत येतोच, आणि ताडपत्री एका रात्रीत फाटू शकते. फक्त आता छोटा पंपही चालेल, 500 गॅलनवाला. पैसे वाचले तर बॅटरी चांगली घ्या.

जाळंविणारा
आणि पंपाचा स्विच बाबांना हाताने चालू करता येईल असा घ्या, तीन खटक्यांचा: ऑटो, बंद, चालू. बॅटरी मागच्या फळीवर उंच, झाकणाच्या डब्यात. तळाला ठेवलीत तर पहिल्यांदा तीच बुडेल.

सुरमई_प्रेमी
वाचनखूण साठवली. पत्ता पाठवलाय.