पहिल्या ग्राफिक कादंबरीत गुन्ह्याची धास्ती आणि काळा विनोद एकत्र कसे टिकवावेत?

प्रश्न

माझी पहिली ग्राफिक कादंबरी साधारण १२० पानांची होईल. लेखन आणि चित्रे दोन्ही मीच करत आहे. एक कारकून आपल्या वरिष्ठाचा खून करतो, परंतु मृताची रजा मंजूर झालेली नसल्यामुळे कार्यालय त्याचा मृत्यू मान्य करत नाही आणि हजेरीपटावर त्याला रोज गैरहजर दाखवले जाते, असे कथाबीज आहे. पहिल्या ४० पानांचा कच्चा आराखडा ज्यांनी वाचला, ते सर्वजण मनापासून हसले. मात्र खून झाल्याची धास्ती त्यांच्यापैकी एकालाही वाटली नाही. हसू कमी न करता ती कशी आणावी?

पहिला प्रतिसाद

धास्ती तुमच्या कथाबीजातच आहे. अमेरिकेत १९५४ साली आलेल्या कॉमिक्स कोडने, म्हणजे कॉमिक्स प्रकाशकांनी स्वतःसाठी केलेल्या नियमावलीने, गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटेल असे चित्रण करण्यास मनाई केली आणि प्रत्येक कथेत त्याला शिक्षा होणे बंधनकारक केले. त्यामुळे वाचकाला शेवट आधीच ठाऊक असे आणि भीतीला जागाच उरत नसे. तुमच्या कथेत नेमके उलटे आहे. कोणी मेलेलेच नाही असे ठरल्यावर खुनी कोणाला म्हणायचे? कारकुनाला कबुली द्यावीशी वाटू द्या आणि ती नोंदवून घेणारे कोणीही सापडू देऊ नका, म्हणजे ज्या नियमावर वाचक दहाव्या पानावर हसला, तोच नियम साठाव्या पानावर त्याला गुदमरवून टाकेल. त्यासाठी नियम एकदाही सैल होता कामा नये आणि कथेतील एकाही पात्राला तो विनोदी वाटता कामा नये.

दुसरा प्रतिसाद

वरील मुद्दा मला पटतो, पण अडचण चित्रांतही असू शकते. खून प्रत्यक्ष दाखवला असेल तर तो काढून टाका. कॉमिक्सकार स्कॉट मॅक्लाउड यांनी कॉमिक्स या माध्यमावरील १९९३ सालच्या आपल्या पुस्तकात एका चौकटीत उगारलेली कुऱ्हाड आणि पुढच्या चौकटीत शहरावर उमटलेली किंकाळी दाखवून असे प्रतिपादन केले आहे की, तो घाव दोन चौकटींमधल्या कोऱ्या जागेत वाचक स्वतःच घालतो. जो वाचक अशा रीतीने खुनात सामील झाला आहे, त्याचे पुढचे हसू निर्धास्त राहणार नाही. पान उलटण्याचाही विचार करावा: डावीकडून उजवीकडे वाचल्या जाणाऱ्या पुस्तकात विषम पान उजवीकडे येते, म्हणून धक्का सम पानावर ठेवला, तर पान उलटेपर्यंत तो नजरेस पडत नाही. विनोदाच्या चौकटीनंतर एखादी निःशब्द चौकट, त्याच कोनातून, रिकाम्या खुर्चीची ठेवून पाहा.

तिसरा प्रतिसाद

मला कारण वेगळे दिसते. तुमच्या वर्णनात मृताविषयी तो वरिष्ठ होता यापलीकडे काहीच नाही, आणि ज्याला आपण ओळखत नाही त्याच्या मरणाची धास्ती वाटत नाही. त्याला जिवंतपणी पाच-सहा पाने द्या, आणि ती विनोदासाठी वापरू नका.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आराखडा पुन्हा तपासला. मृताचा चेहरा ४० पानांत केवळ दोनदा आला आहे आणि दोन्ही वेळा तो पाठमोरा वळताना दिसतो. रिकाम्या खुर्चीची चौकट मी ठेवणार आहे, परंतु त्याआधी त्या खुर्चीत बसलेला माणूस काढणार आहे.