शाळेची व्हॅन मुलांना 'उचलते' का?

इंदिरानगरवाली: सोसायटीतल्या स्कूल व्हॅनची नोटीस मराठीत लिहायचं काम माझ्याकडे आलंय. मूळ इंग्रजीत पिकअप होतं, मी लिहिलं "मुलांना सकाळी ६.४५ ला गेटवरून उचलले जाईल". सासूबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, अगं पोलीस उचलतात, तिरडी उचलतात, शाळेत जाणाऱ्या लेकरांना कोण उचलतं? तेव्हापासून ते वाक्य मला बघवत नाहीये. पण "तुला द्वारका चौकातून उचलतो" असं तर आपण रोज बोलतो ना? मग लिहू काय?

पंचवटीकर: सासूबाईंचं बरोबर आहे ताई. उचलणे हे संस्कृत उत् + चल वरून, जागचं हलवून वर घेणं. उठणे मात्र उत् + स्था, त्यात उभं राहणं आहे. माझं मत असं की जो आपल्या पायावर उठतो त्याला आपण उठवतो आणि ज्याला स्वतःहून हलता येत नाही ते उचलतो, म्हणजे पोतं, तान्हं बाळ, प्रेत. "तुला उचलतो" हे सरळसरळ पिकअपचं भाषांतर आहे, आमच्या कॉलेजच्या दिवसात सगळे "घ्यायला येतो" म्हणायचे.

निफाडकर: व्युत्पत्ती मान्य, पण शब्द वापरावर जगतो दादा. आमच्याकडं उचल म्हटलं की आधी पैसाच आठवतो. द्राक्षाच्या कामाला पेठ-सुरगाण्याकडून माणसं येतात, त्यांना आगाऊ देतात ती उचल, ऊसतोडीला पण तेच. लासलगावला कांदा पडून राहिला की म्हणतात मालाला उचल नाही. यात कोण काय वर धरतंय? आणि फोनचं काय? पूर्वी रिसिव्हर खरंच उचलावा लागायचा, आता नुसतं बोट सरकवतो तरी फोन उचललाच म्हणतो, तिथं कुणाला भाषांतर आठवत नाही.

सिडकोकर: उचलेगिरी, उचल्या हे राहिलंच की. चोरीचा अर्थ त्या क्रियापदात आधीपासून आहे, म्हणून मुलांच्या बाबतीत कानाला खटकतं.

गंगापूररोड: उचल्या शब्द जपून वापरा, कळकळीने सांगते. ते एका अख्ख्या जमातीचं नाव पडलंय. गुन्हेगार जमातींचा १८७१ चा कायदा १९५२ मध्ये गेला तरी नाव काही पुसलं गेलं नाही, शाळेत पोरांना अजून ते ऐकून घ्यावं लागतं.

सिडकोकर: हे डोक्यात नव्हतं ताई, चुकलं माझं.

पंचवटीकर: आणखी एक. गणपती आपण उचलत नाही, हलवतो. उत्तरपूजा झाली, अक्षता वाहिल्या की मूर्ती जागेवरून जराशी हलवायची, मग निघायचं. आजीसमोर कोणी "गणपती उचला" म्हटलं तर ती तिथल्या तिथे थांबवायची, आणि लेकराला पण कडेवर "घे" म्हणायची, उचल नाही.

निफाडकर: मग पालखी? जत्रेत पालखी उचलायला पोरांची झुंबड उडते, त्यात देवाचा अपमान होतो का?

पंचवटीकर: पालखी हे वाहन झालं, देव नाही.

निफाडकर: देव तर तिच्यातच बसलाय ना!

इंदिरानगरवाली: अहो नोटीस उद्या लावायचीय. "व्हॅन मुलांना घ्यायला ६.४५ ला येईल" चालेल का तेवढं सांगा.

सिडकोकर: "न्यायला येईल" करा, सकाळी नेणार आणि दुपारी आणून सोडणार. पिकअप पॉइंटला नुसता थांबा लिहा.

पंचवटीकर: थांबा बसचा असतो. "घ्यायला"च ठेवा.

गंगापूररोड: निफाडकरभाऊ, ती उचल परत केली की काय शब्द वापरतात तुमच्याकडे?

निफाडकर: उचल फिटली म्हणतात. ऊसतोडीत अख्खा हंगाम राबून पण काहींची फिटत नाही, मग पुढच्या वर्षी परत त्याच मुकादमाकडं जावं लागतं.