मदत हवी आहे: अंदमानचं लाँग आयलंड, सोबत आई आणि तिचा गुडघा

मंडळी, फेब्रुवारीत आई आणि मी आठ दिवस अंदमानला निघालोय. सेल्युलर जेल आणि सावरकरांची कोठडी आईला बघायचीच आहे, ते पहिल्या दिवशी. त्यानंतर मात्र काहीही ‘बघायचं’ नाहीये, नुसतं बसायचंय.

हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, मी पूर्वी जाऊन आलेय. राधानगरचा किनारा सुंदरच, पण सूर्यास्ताला समुद्रापेक्षा सेल्फी काढणाऱ्यांच्या पाठीच जास्त दिसल्या. म्हणून या वेळी मध्य अंदमानातलं लाँग आयलंड डोक्यात आहे. जेट्टीजवळचं छोटं गाव, मागे जंगल आणि पलीकडच्या अंगाला लालाजी बे.

अडचण आईच्या गुडघ्याची. वय 68, सपाटीवर तासभर आरामात चालते, पायऱ्या दिसल्या की थांबते. पोर्ट ब्लेअरहून (नाव आता श्री विजयपुरम झालंय, पण तोंडात बसलेलं नाही) सरकारी बोटीने थेट जावं, की रस्त्याने रंगतपर्यंत जाऊन येरट्टा जेट्टीवरून छोटी बोट घ्यावी? बोट हलत असताना जेट्टीवर उतरणं तिला जमेल का? आणि लालाजी बेला जंगलातून चालत न जाता पोचता येतं का?

आईचं म्हणणं, ‘समुद्रच बघायचा तर वेंगुर्ल्याला काय वाईट होता?’ तेव्हा उत्तर जरा पटेल असं द्या.

प्रतिसाद १
ताई, जाताना बोटच घ्या. रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्या ठरल्या वेळी ताफ्यानेच सोडतात. सकाळी सहाचा ताफा गाठायचा तर मुक्कामावरून चारच्या सुमारास निघावं लागतं. वाटेत थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. पुढे मिडल स्ट्रेटच्या खाडीला अख्खी बस बोटीवर चढते, मग बाराटांग, मग रंगत. आखडलेल्या गुडघ्याला एवढा वेळ बसची सीट म्हणजे शिक्षा.

उतरताना घाई करू नका. गावकरी पोती, कोंबड्या, गॅसच्या टाक्या घेऊन आधी उतरतात, त्यांना जाऊ द्या. मग खलाशाला ‘माताजी हैं’ एवढंच सांगा. माझ्या सासूबाईंना दोघांनी दोन्ही दंडांना धरून अलगद पलीकडे ठेवलं होतं. हातात पिशवी मात्र देऊ नका, दोन्ही हात मोकळे हवेत.

लालाजी बेला डुंगीने, म्हणजे छोट्या होडीने, जाता येतं. पण तिथे जेट्टी नाही, गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. भरतीची वेळ डुंगीवाल्यालाच विचारा.

प्रतिसाद २
सँडफ्लायबद्दल, म्हणजे वाळूतल्या बारीक चावऱ्या माश्यांबद्दल, कोणीच कसं बोललं नाही? दिसत नाहीत, चावलेलं कळतही नाही, आणि रात्री पोटऱ्या खाजवून रक्त निघतं. वाळूवर उघड्या पायांनी बसू नका, जाड चादर न्या, पायभर तेल चोपडा. पाण्यात उतरण्याआधी मगरींचंही गावात विचारून घ्या, खाडीच्या तोंडाशी तर नकोच.

परतीच्या विमानाआधी दोन दिवस पोर्ट ब्लेअरला हातात ठेवा, हवा बिघडली की बोट रद्द होते. रोख पैसे तिथूनच न्या. चेन्नईहून आलेली समुद्राखालची केबल 2020 मध्ये लाँग आयलंडलाही पोचली, तरी आमच्या फोनला रेंज आली ती जेट्टीवरच. आणि हो, शंख-प्रवाळ उचलून आणू नका, विमानतळावर सामान तपासतात.

धागाकर्ती
दोघांचे आभार. आईला वाचून दाखवलं. सँडफ्लायला ती घाबरली नाही, ‘माताजी’वर मात्र रागावली. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारासच सूर्य मावळतो हे ऐकून म्हणाली, ‘मग आठला जेवून झोपता येईल,’ आणि तिथेच होकार आला.

आता एकच राहिलं. तिला रात्री भाकरी लागते. तांदळाचं पीठ नेलं तर तिथल्या मुक्कामाच्या ठिकाणी चूल किंवा गॅस वापरू देतात का?