वाशिष्ठी नदीचं पाणलोट क्षेत्र निघतच नाहीये, मदत हवी आहे

खाडीकाठ: तीन दिवस यावर बसलोय. डीईएम (जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा) घेतला, फिल केला (खोलगट जागा बुजवल्या), फ्लो डायरेक्शन (पाणी कुठल्या दिशेला जातं), अ‍ॅक्युम्युलेशन (कुठे किती पाणी जमतं) सगळं झालं आणि शेवटी चिपळूणच्या वरचं बेसिन मागितलं की एवढासा ठिपका येतो, पाच-सहा पिक्सेलचा. परवा गावच्या बैठकीत नकाशा दाखवायचाय, कुठे चुकतंय?

नकाशावेडा: डीईएम कुठला? सॉफ्टवेअर? आउटलेट पॉइंट, म्हणजे बेसिनचं पाणी जिथून बाहेर पडतं तो, कुठून घेतला?

कातळसडा: एसआरटीएम असेल तर टाकून द्या. फेब्रुवारी 2000 चा रडार डेटा तो, झाडांचे शेंडे धरून उंची देतो. इस्रोच्या भुवन साइटवरचा कार्टोडेम हा डीईएम घ्या, मी राजापूरला अर्जुना नदीसाठी तोच वापरला.

नकाशावेडा: झाडांनी ठिपका कसा येईल हो? खाडीकाठ, विचारलंय ते सांगा आधी.

खाडीकाठ: क्यूजीआयएस, एसआरटीएम 30 मीटर. पॉइंट पुलावर उभं राहून मोबाइलच्या जीपीएसने घेतला.

पोफळीकर: कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून झालेलं पाणी, आमच्याकडे वाशिष्ठीत सोडतात ते विसरू नका. ते कृष्णेच्या खोर्‍यातलं पाणी, बोगद्यातून येतं, डीईएमला ते कधीच दिसणार नाही.

गाळरेषा: पूररेषा हवी असेल तर ती यातून मिळत नाही. 22 जुलै 2021 च्या पाण्याच्या खुणा अजून भिंतींवर असतील, घरोघर जाऊन मोजून घ्या.

खाडीकाठ: पूररेषा नकोय, फक्त हद्द हवी आहे!

नकाशावेडा: पुलावरचा पॉइंटच नडतोय. डीईएममधला प्रवाह खर्‍या नदीपासून दोन-चार सेल (डीईएमचे चौकोन) बाजूला असू शकतो, तुमचा पॉइंट काठावरच्या सेलवर पडला की फक्त त्या काठाचं पाणी मोजलं जातं. अ‍ॅक्युम्युलेशनचा रास्टर उघडा, पुलाजवळच्या सगळ्यात जास्त आकडा असलेल्या सेलवर पॉइंट सरकवा. आणि क्षेत्रफळ काढायच्या आधी यूटीएम 43 उत्तर या मीटरमधल्या प्रक्षेपणात आणा, अंशांत काढू नका.

कातळसडा: फिल पण नको, ब्रीच करा, म्हणजे अडथळ्यातून पाण्याला वाट कापा. कोकण रेल्वे 1998 ला पूर्ण झाली, म्हणजे उंच भराव त्या डेटात असणार, पण खालची मोरी नाही. फिल केलं की भरावामागे खोटं तळं होतं.

नकाशावेडा: ग्रास या सॉफ्टवेअरचं आर वॉटरशेड हे टूल वापरलं तर फिल लागतच नाही.

कातळसडा: ते मोठ्या रास्टरवर रात्रभर चालतं.

नकाशावेडा: एका तालुक्याएवढ्या तुकड्याला मिनिटं लागतात, करून बघा.

खाडीकाठ: पॉइंट तीन सेल सरकवला आणि हद्द थेट घाटमाथ्याला जाऊन टेकली!! मनापासून आभार. पण सड्यावर (कातळाच्या पठारावर) रेषा पट्टीने ओढल्यासारखी सरळ येते, तिथे काय करू?

कातळसडा: सडा सपाट, त्याला उतारच सापडत नाही. टोपोशीटवरचे (सर्व्हेच्या नकाशावरचे) वहाळ, म्हणजे ओढे, बघा, नाहीतर गुराख्यांना विचारा, पावसात कुठलं पाणी कुठल्या पर्‍ह्यात उतरतं ते त्यांना पक्कं ठाऊक असतं.

खाडीकाठ: उद्या सकाळी वर जातो. जिथे कळणार नाही तिथे तुटक रेषा दाखवीन.