मदत हवी आहे: कूलंट सारखं उतरतंय, गळती नेमकी कुठे?

जळगावात राहतो, गाडी 2009 ची पेट्रोल. रेडिएटरचा वरचा होस, क्लिपा नवीन टाकल्या, तरी टाकीतलं कूलंट मिनिममच्या खाली जातंच. सकाळी गाडीखाली फरशी कोरडी ठणठणीत. पण कन्नड घाट चढला की बोनेटमधून गोडसर वास येतो. काल टॉर्च मारून बघितलं, तर वॉटर पंपाच्या खाली, बेल्टच्या बाजूला, हिरवट-पांढरी पापडी धरलीय.

गॅरेजवाले भाऊ म्हणतात, हेड गॅसकेट (इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेलं, इंजिन खोला. प्रेशर टेस्ट (कूलिंग सिस्टीममध्ये दाब देऊन गळती शोधणं) न करताच! मला काही पटत नाही. ऑईल दुधाळ नाही, सायलेन्सरला पांढरा धूर नाही, पिकअपही बरोबर आहे. माझा संशय पंपाच्या सीलवर. रेडिएटरच्या झाकणाचं रबरही कडक झालंय. आधीच्या मालकाने बहुतेक बोअरचं पाणी ओतलं असावं, आत क्षारांचा थर दिसतो.

जळगाव, भुसावळ किंवा धुळ्यात कूलिंग सिस्टीमची प्रेशर टेस्ट नीट करून देणारं कोणी आहे का? आणि पंप काढलाच तर थर्मोस्टॅटही (तापमानानुसार कूलंटचा प्रवाह उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह) सोबत बदलावा का? पुढच्या आठवड्यात आईला घेऊन संभाजीनगरला जायचंय, ते पण या उन्हात. जाणकारांनी जरा लवकर सांगा.