पेसाहचा शिधा: पिशवीत काय घालावं?

प्रश्न: आमच्या महिला मंडळातर्फे भायखळा-माझगावच्या एकट्या राहणाऱ्या बेने इस्राएल (मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या) आजींना पेसाहसाठी, म्हणजे ज्यूंच्या वल्हांडण सणासाठी, शिधा द्यायचाय. काय द्यावं?

उत्तर १: ताई, रवा, मैदा, कणीक, पाव, बिस्किटं नकोच. खमीर असलेलं किंवा भिजून आंबू शकेल असं गव्हाचं काही सणाचे आठ दिवस घरातसुद्धा ठेवत नाहीत. तांदूळ बेने इस्राएलांकडे चालतो. घरची पोळी देऊ नका, मत्साच (बिनखमिराची पातळ पोळी) हवी; तिचं पीठ भिजल्यापासून 18 मिनिटांत भाजून व्हावं लागतं, सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) चौकशी करा. सेदेरला, म्हणजे सणाच्या सुरुवातीच्या रात्रीच्या विधीच्या जेवणाला, वाइनचे किंवा मनुक्यांच्या सरबताचे चार पेले लागतात, म्हणून काळे मनुके जरूर द्या. पाव किलो धुऊन लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायचे, उकळून, कुस्करून गाळायचे. मुंबईच्या उकाड्यात हे सरबत बाहेर राहिलं की आंबतं, तेव्हा भरलेल्या बाटल्या वाटू नका.

उत्तर २: शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत वाटप नको, तेव्हा त्यांचा शब्बाथ (विश्रांतीचा पवित्र दिवस) असतो. सणाच्या आठवडाभर आधी पोचवा आणि डबे-कपाटं पुसायला दोघी जणी थांबा. वाकून फडताळाचे कोपरे साफ करणं, हेच त्या वयात जड जातं.

उत्तर ३: आधी समाजातल्याच बायकांना विचारा. बेने इस्राएल स्त्री मंडळ 1913 पासूनचं, गरज कुणाला हे त्यांना नेमकं कळतं. आणि कृपा करून वाटपाचे फोटो काढू नका.