घरात पैसा कुणाचा, शब्द कुणाचा?

कोथिंबिरीच्या जुडीवर घासाघीस मी करते, फ्रिज कुठला घ्यायचा ते हे ठरवतात. पगार दोघांनाही, माझा चार हजारांनी जास्तच. परवा मिक्सर जळाला तर मी "नवा घेऊ का?" म्हणून गेले. यांची बाइक आली तेव्हा "बुक केलीय" एवढंच कळलं होतं. तुमच्याकडे कसं आहे? तत्त्वज्ञान नको, घडलेलं लिहा.

—

८ नोव्हेंबर २०१६. पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्याचं ऐकून आईने तांदळाच्या डब्यातून, साड्यांच्या घड्यांतून १९ हजार काढले. घरखर्चातून वाचवलेले. बाबा म्हणाले, "एवढे कुठून आले?" जणू चोरीच. तिचं खातं नव्हतं, म्हणून बाबांच्या खात्यात भरले. तिला पिको-फॉलचं मशीन घ्यायचं होतं. दिवाळीला घराला रंग लागला.

—

बायकोच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर आपल्याकडे मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत असते, २०२१पासून. दोघांची नावं घातली की गेली. ६२ लाखांचा फ्लॅट, म्हणजे ६२ हजार वाचले. मालकीण ती. पण बिल्डरचा माणूस सगळं मला समजावत होता, तिला फक्त "मॅडम, इथे सही". तिने एकदाच विचारलं होतं, ओटा थोडा खाली घेता येईल का? मी म्हटलं, स्टँडर्ड असतो. आज ती पाटावर उभी राहून पोळ्या लाटते.

—

लाडकी बहीणचे १५०० सुरू झाल्यावर आमच्या कामवाल्या मावशींचा नवरा म्हणाला, "आता तुला सरकार देतंय ना, तेल-मीठ तूच भर." त्याने हात काढूनच घेतला.

—

२०२०च्या लॉकडाउनमध्ये माझी नोकरी गेली. सात महिने घर बायकोच्या पगारावर. मागायला लागू नये म्हणून तिने एटीएम कार्ड फ्रिजवर ठेवलेलं, पिन लिहून. तरी दाढीच्या ब्लेडला २०० काढले की मी मेसेज करायचो. तिने कधी विचारलं नव्हतं हो. नोकरी लागली त्या दिवशी मेसेज बंद.

—

ओटावाले, आधी तो ओटा खाली घ्या बघू.

—

गवंड्याला विचारलं, ग्रॅनाइट काढून परत बसवायचे ४० हजार सांगतोय. ही म्हणते, राहू दे, एवढा खर्च कशाला माझ्यासाठी.